भूकंपाची चाहूल आधी लागते का?

४ डिसेंबर २०२४ रोजी सकाळी साडेसातच्या सुमारास गडचिरोली आणि चंद्रपूर जिल्ह्यांत जमीन हादरली. भूकंपाचे केंद्र गोदावरीच्या दक्षिणेला, तेलंगणातील मुलुगू जिल्ह्यात होते. तीव्रता ५.३ आणि खोली सुमारे ४० किलोमीटर होती. सिरोंच्यापासून नागपूरपर्यंत हा धक्का जाणवला. या पट्ट्यात याआधीचा मोठा भूकंप १३ एप्रिल १९६९ रोजी भद्राचलमजवळ झाला होता. दोन्ही भूकंप प्राणहिता-गोदावरीच्या खचदरीतले. कोट्यवधी वर्षांपूर्वी दोन प्राचीन भूखंडांमधला हा पट्टा भेगांवरून खाली खचला आणि गाळाने भरत गेला. चंद्रपूरचा दगडी कोळसा त्याच गाळात तयार झाला. त्या जुन्या भेगा आजही खडकातले दुबळे भाग आहेत. त्यांवर साचत गेलेला ताण अधूनमधून मोकळा होतो.

हा ताण कधी सुटेल हे आधी सांगता येत नाही. भूकंपाचा प्रारंभ लहानशा जागी खडक सरकण्याने होतो. ते सरकणे तिथेच थांबेल की भेगेवरून कित्येक किलोमीटर धावेल, हे त्या सबंध भेगेवरच्या ताणावर आणि घर्षणावर ठरते. इतक्या खोलवरचा ताण जागोजागी मोजणारी कोणतीही सोय आज नाही. छोटे धक्के हे मोठ्याची नांदी असतात का, याची दोन उत्तरे महाराष्ट्रातच मिळतात. किल्लारी परिसरात १९९२ च्या उत्तरार्धात लहान धक्के बसले होते आणि ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ६.२ तीव्रतेच्या भूकंपाने हजारो माणसे गेली. डहाणू-पालघर भागात नोव्हेंबर २०१८ पासून हजारो लहान धक्क्यांची मालिका सुरू झाली, पण त्यातून विनाशकारी भूकंप झाला नाही. सुरुवातीला दोन्ही ठिकाणची लक्षणे सारखीच होती.

जगाचा अनुभवही हेच सांगतो. चीनमध्ये ४ फेब्रुवारी १९७५ च्या हायचेंग भूकंपाआधी वाढत्या धक्क्यांमुळे लोकांना घराबाहेर काढले गेले आणि असंख्य जीव वाचले. पुढच्याच वर्षी तांगशानला अशी कोणतीही सूचना मिळाली नाही. तिथे दोन लाखांहून अधिक लोक दगावले. कॅलिफोर्नियातील पार्कफील्डला १९९३ पूर्वी भूकंप होईल असे गृहीत धरून उपकरणांचे जाळे पसरले होते. भूकंप झाला तो सप्टेंबर २००४ मध्ये, आणि त्याआधी उपकरणांना ठळक पूर्वखूण मिळाली नाही. विहिरींच्या पाण्याची पातळी, जमिनीतून सुटणारा रेडॉन वायू यांच्या नोंदी अनेक देशांत घेतल्या जातात. त्यांत बदल दिसतात, पण भूकंप नसतानाही दिसतात.

माणसांना किंवा जनावरांना चाहूल लागते, ही समजूत फार जुनी आहे. ताडोब्याच्या जंगलात वानराची खाकर आणि चितळाची हाक ऐकून वाघाचा माग काढणारे लोक आहेत, त्यामुळे प्राण्यांच्या इंद्रियांवर त्यांचा विश्वास असणे स्वाभाविक आहे. मात्र ती हाक समोर आलेल्या वाघाबद्दल असते, उद्या येणाऱ्या वाघाबद्दल नव्हे. भूकंपाचेही तसेच आहे. भूकंप सुरू झाला की आधी सौम्य प्राथमिक लहरी धावतात, खडकातून सेकंदाला सुमारे ६ किलोमीटर वेगाने. जोरात हलवणाऱ्या दुय्यम लहरी साडेतीन किलोमीटर वेगाने मागून येतात. पहिल्या लहरीचा बारीक थरथराट कुत्र्याला कळतो, माणसाला बहुधा कळत नाही. कुत्रे आधी भुंकते ते खरेच, पण तोवर भूकंप झालेला असतो. दिवसदोन दिवस आधीच्या वागण्याच्या आठवणी बहुतेक नंतर सांगितलेल्या असतात. एरवीही जनावरे बिथरतात, ते दिवस कोणी ध्यानात ठेवत नाही.

लहरींच्या वेगातला हाच फरक यंत्रे कामी आणतात. मुलुगूच्या केंद्रापासून चंद्रपूर सुमारे १९५ किलोमीटरवर आहे. दोन लहरींमध्ये तिथे तेवीस-चोवीस सेकंदांचे अंतर पडते, सिरोंच्यात जेमतेम आठ. केंद्राजवळच्या यंत्राने पहिली लहर टिपून लगेच संदेश पाठवला, तर दूरच्या गावाला सावध होण्याएवढा अवधी मिळतो. जपानमध्ये २००७ पासून अशी देशव्यापी सूचना दिली जाते. भारतात उत्तराखंडात ही व्यवस्था उभी राहिली आहे. अँड्रॉइड मोबाइलमधले हालचाल टिपणारे उपकरणही २०२३ पासून भारतात असा इशारा देऊ लागले आहे. हे भाकीत नव्हे. सुरू झालेल्या भूकंपाची ती बातमी आहे.

बसलेला धक्का भूकंपाचाच का, याबद्दलही चंद्रपूरकरांचा गोंधळ होतो. खुल्या कोळसा खाणींतल्या सुरुंगांनी घरे हादरतात. ऑगस्ट २०२२ मध्ये घुग्घुसला जुन्या भूमिगत खाणीवरची जमीन खचून एक घर गडप झाले. या दोन्ही गोष्टी भूकंप नव्हेत. सुरुंगाचा धक्का भूपृष्ठावरून सर्व दिशांना बाहेर ढकलत येतो. भूकंपात काही दिशांना ढकल असते, काहींना ओढ. भूकंपमापकाच्या नोंदीत हा फरक ओळखता येतो.

भूकंप आधी सांगता येत नाही, म्हणून घराची बांधणी महत्त्वाची ठरते. किल्लारीत माणसे मेली ती प्रामुख्याने मातीत रचलेल्या दगडांच्या जाड भिंती आणि माळवदाचा भार अंगावर कोसळून. गडचिरोलीच्या खेड्यांतली लाकडी खांबांची, बांबूच्या कुडाची हलकी घरे अशा हादऱ्यात तुलनेने तग धरतात. तिथे आता पक्की घरे वाढत आहेत, म्हणून घर बांधतानाच जोत्याला, खिडक्या-दारांवर आणि छताखाली सलग पट्टे बांधून घ्यावेत. तारीख आणि वेळ देऊन भूकंप सांगणारा संदेश मोबाइलवर आला, तर तो खोटा समजावा आणि पुढे पाठवू नये.