पोटची सहा, पूर्वेकडून आठ

एका तान्ह्या मुलाला घेऊन एस.टी.ने माहेरी जायचं म्हटलं, तरी आपला जीव मेटाकुटीला येतो. दुधाची बाटली, सुकी दुपटी, वर शेजारच्या प्रवाशांची तोंडं! मग बारा चिमुरड्यांना विमानात घालून अख्खा पॅसिफिक महासागर ओलांडणाऱ्या माणसाची काय गत झाली असेल? १४ ऑक्टोबर १९५५ रोजी अमेरिकेच्या ओरेगन राज्यातल्या पोर्टलंड शहरी हॅरी होल्ट नावाचे एक शेतकरी गृहस्थ अशी बारा कोरियन मुले घेऊन उतरले. त्यांतली चार दुसऱ्या घरी जायची होती. आठ मात्र होल्ट यांची स्वतःची होणार होती. आणि या आठांची वाट पाहणाऱ्या बर्थाबाईंच्या पदरी पोटची सहा मुले आधीच होती!

पन्नाशीचे नवराबायको. पाच मुली आणि एक मुलगा, त्यातली थोरली हाताशी आलेली. सुना-जावयांची वाट बघायचे दिवस. अशा वयात पुन्हा लंगोट आणि बाटल्यांचा पसारा मांडायची बुद्धी कुणाला होते? ‘बाईला वेडबिड लागलं का?’ असेच आपल्या आळीत कुणीही म्हटले असते. ते वेड कसे लागले, ते आधी सांगते.

होल्ट कुटुंब ओरेगनमधल्या क्रेसवेल या लहानशा गावाजवळ राहणारे. हॅरींनी लाकडाच्या धंद्यात पैसा मिळवला, मग शेती केली. १९५० साली त्यांना हृदयविकाराचा मोठा झटका आला, त्यातून ते कसेबसे वाचले. बर्थाबाईंचे शिक्षण नर्सचे. दोघेही मनापासून ख्रिस्ती, रोजची प्रार्थना आणि बायबलचे वाचन कधी न चुकणारे. वाचलेले आयुष्य देवाने काहीतरी कामासाठी दिले आहे, असे हॅरींना सारखे वाटत असे.

१९५४ च्या डिसेंबरात जवळच्या यूजीन शहरात ‘वर्ल्ड व्हिजन’ या ख्रिस्ती संस्थेने एक माहितीपट दाखवला. होल्ट मंडळी तो पाहायला गेली. कोरियातले युद्ध १९५३ च्या जुलैत थांबले होते, पण मागे राहिलेल्या मुलांचे हाल थांबले नव्हते. पडद्यावर त्यांना दिसली ती आई कोरियन आणि बाप परदेशी सैनिक अशी मुले. बाप आपल्या देशी निघून गेलेला. मुलाचे डोळे, केस, रंग पाहिला की गावाला सगळे कळायचे, आणि मग त्या मुलाला नि त्याच्या आईला जगणे नको व्हायचे.

घरी आल्यावर कुणाच्या घशाखाली घास उतरेना. आधी त्यांनी काही मुलांच्या खर्चासाठी दरमहा पैसे पाठवायला सुरुवात केली. आपणही एवढे करतो आणि मग बरे वाटते. पण बर्थाबाईंना बरे वाटेना. घर मोठे, शेत मोठे, दूधदुभते घरचे. इथे आणखी किती पानं मांडता येतील याचा हिशेब त्या मनातल्या मनात करू लागल्या. तिकडे हॅरींच्या मनातही तेच घोळत होते. शेवटी आकडा ठरला, आठ!

आता आली कायद्याची अडचण. अमेरिकेच्या १९५३ च्या निर्वासितविषयक कायद्यात अनाथ मुलांसाठी चार हजार व्हिसा ठेवलेले होते, पण एका कुटुंबाला दोनच मुले आणता येत. म्हणजे उरलेल्या सहांसाठी अमेरिकेच्या संसदेने खास कायदा करायला हवा. दुसरे कुणी असते तर ‘चला, दोन तर दोन’ म्हणून गप्प बसले असते. बर्थाबाईंनी घरी बसून पत्रे लिहायला घेतली. ओळखीपाळखीच्या लोकांना कामाला लावले. ओरेगनचे सिनेटर रिचर्ड न्यूबर्गर यांनी विधेयक मांडले आणि १९५५ च्या उन्हाळ्यात ते मंजूरही झाले. कायद्याची वाट न पाहता हॅरी त्याआधीच कोरियाला रवाना झाले होते. नवरा हृदयाचा रोगी, परक्या मुलखात, युद्धाने बेचिराख झालेल्या देशात. आणि इकडे शेत, सहा मुले नि सरकारी कागद सांभाळत बसलेली बायको. या सगळ्या हकिकतीत विमानातून उतरणाऱ्या हॅरींचे कौतुक होते, ते व्हायलाच हवे. पण पत्रांच्या त्या गठ्ठ्याचे कौतुक मला जास्त वाटते.

जाताना वाटेत टोकियोच्या हॉटेलात हॅरींचा धीर सुटला. ‘हे मी काय करायला निघालोय?’ असे वाटून त्यांनी प्रार्थना केली आणि बायबल हाताला येईल तिथे उघडले. यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाचा त्रेचाळिसावा अध्याय निघाला. भिऊ नको, तुझी संतती मी पूर्वेकडून आणीन, अशा अर्थाचे वचन तिथे आहे. कुणी याला योगायोग म्हणेल. हॅरींना तो कौल वाटला. पुढे बर्थाबाईंनी १९५६ साली ही सगळी हकिकत पुस्तकात लिहिली, त्या पुस्तकाचे नावही त्यावरूनच ठेवले, ‘द सीड फ्रॉम द ईस्ट’.

आपल्याला यात नवल वाटते ते वेगळ्या कारणाने. आपल्याकडे दत्तक म्हणजे भाऊबंदांतला मुलगा, तोही वंशाला दिवा हवा म्हणून, नाहीतर इस्टेटीला धनी हवा म्हणून. अमेरिकेतही तेव्हा प्रकार फारसा निराळा नव्हता. मूल आईबापांच्या रंगारूपाशी आणि धर्माशी जुळणारे हवे, दत्तक आहे हे कुणाला कळता कामा नये, अशी तिथल्या संस्थांची पद्धत. मिश्र वंशाच्या मुलाला ‘याला घर मिळणार नाही’ असा शेरा मिळायचा. नोबेल पारितोषिक मिळवणाऱ्या लेखिका पर्ल बक यांनी १९४९ मध्ये ‘वेलकम हाउस’ ही संस्था काढली ती या शेऱ्यावर चिडूनच. ज्या बाळापायी त्या चिडल्या त्याचा बाप भारतीय होता, हे आपल्यापैकी किती जणींना ठाऊक असेल?

होल्ट कुटुंबाचे फोटो वर्तमानपत्रांत छापून आले आणि पत्रांचा पाऊस पडला. ‘आम्हालाही मूल हवं’ म्हणून देशभरातून जोडपी लिहू लागली. १९५६ साली हॅरी पुन्हा कोरियाला गेले, या वेळी इतरांसाठी मुले आणायला. होल्ट यांची दत्तक-योजना सुरू झाली. त्यांची दुसरी नर्स म्हणजे त्यांचीच मुलगी मॉली, तीही त्याच वर्षी मदतीला गेली.

आता इथे, मैत्रिणींनो, गोष्ट जराशी कडू होते, आणि ती न सांगणे बरोबर नाही.

हॅरींना घाई होती. मुले आजारी होती, थंडी होती, अनाथाश्रमांत तान्ही बाळे डोळ्यांदेखत जात होती. अशा वेळी चौकशा आणि फॉर्म यांत महिने घालवणे त्यांना पाप वाटे. म्हणून त्यांनी मुखत्यारपत्रावर दत्तक द्यायची वाट धरली. अमेरिकेतल्या जोडप्याने मुखत्यारपत्र द्यायचे, कोरियातच दत्तकविधान उरकायचे आणि मूल विमानात बसवायचे. आईबाप मुलाला पहिल्यांदा बघणार ते विमानतळावर! जोडपे श्रद्धावान ख्रिस्ती आहे ना, एवढी खात्री हॅरींना सगळ्यात मोलाची वाटे. समाजकार्यातल्या शिकलेल्या बायका-पुरुषांनी यावर कडाडून टीका केली. घर कसे आहे, माणसे कशी आहेत, हे कुणी जाऊन पाहायला नको का? देवभक्त माणूस रागीट नसतोच असे कुठे आहे? १९६१ साली अमेरिकेने कायदा बदलला आणि न पाहता मुखत्यारपत्रावर मूल आणण्याला आळा बसला.

मला हॅरींची घाई समजते. मूल तापाने फणफणलेले असताना आपण तरी कागद शोधत बसतो का? पण टीका करणाऱ्यांचे म्हणणेही खोटे नव्हते.

आणखी एक गोष्ट त्या विमानतळावरच्या फोटोत दिसत नाही. ती म्हणजे मुलाची पहिली आई. यातली कितीतरी मुले खऱ्या अर्थाने अनाथ नव्हतीच. आई जिवंत होती. कोरियात कुटुंबाची नोंदवही घरातल्या कर्त्या पुरुषाच्या नावाने चाले (ती पद्धत २००८ साली बंद झाली). ज्याच्या बापाचा पत्ता नाही त्या मुलाने शाळेत, नोकरीत, लग्नात तोंड कसे दाखवायचे? लग्नावाचून आई झालेल्या बाईला माहेरही थारा देत नसे. तेव्हा ‘पोर तिकडे तरी सुखाने जेवेल’ म्हणून आयांनी आपल्या हाताने मुले सोपवली. आणि मूल परदेशी पाठवायचे तर कागदावर ते अनाथ असावे लागे, म्हणून त्याची निराळी नोंद अनाथ म्हणून होई. आई बाहेर रडत उभी, आणि कागदावर आई नाहीच!

युद्धाची मुले मोठी झाली तरी हा ओघ थांबला नाही. उलट कोरिया श्रीमंत होत गेला तशी मुलेही जास्त जाऊ लागली. १९८५ च्या सुमारास वर्षाला आठ हजारांवर. आजवर दोन लाखांच्या आसपास कोरियन मुले परदेशी गेल्याचा अंदाज आहे. हे काम मुख्यतः चार खासगी संस्थांकडे होते. होल्ट यांच्या नावाची कोरियातली संस्था त्यांतलीच एक. मोठी झालेली ही मुले आपली फाईल मागायला आली तेव्हा अनेकांना आढळले की नाव दुसऱ्याचे, जन्मतारीख दुसऱ्याची, ‘रस्त्यावर सापडले’ असे लिहिलेले पण खरे निराळेच. ३६७ जणांनी कोरियाच्या सत्यशोधन आयोगाकडे अर्ज केले. मार्च २०२५ मध्ये आयोगाने त्यांतल्या ५६ जणांवर अन्याय झाल्याचे मान्य केले आणि सरकारने माफी मागावी असे सुचवले. २ ऑक्टोबर २०२५ रोजी राष्ट्राध्यक्ष ली जे-म्योंग यांनी देशाच्या वतीने माफी मागितली.

कागदाचा आणखी एक तापदायक प्रकार अमेरिकेतच झाला. दत्तक घेतले म्हणजे मूल आपोआप अमेरिकन नागरिक झाले, असे आईबापांना वाटे. ते तसे नव्हते, अर्ज वेगळा करावा लागे. ज्यांनी केला नाही त्यांची मुले चाळिशीला पोचून नागरिक नसल्याचे निघाले. २००० साली नवा कायदा झाला, पण तो अमलात येताना जे अठरा वर्षांवरचे होते त्यांना तो लागू झाला नाही. काहींना तर जिथली भाषाही येत नाही त्या देशात परत धाडले गेले. रेशनकार्ड आणि जन्मदाखला कुठल्या डब्यात ठेवलाय हे ठाऊक असणाऱ्या बाईला आपण उगीच हसतो.

आपल्या देशातूनही मुले परदेशी जात होती. वकील लक्ष्मीकांत पांडे यांनी त्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले, त्याचीच याचिका झाली आणि १९८४ साली न्यायालयाने नियम घालून दिले. मुलाला आधी देशातच घर शोधायचे, तेही न मिळाले तरच बाहेरचे. आणि जाता जाता सांगते, आपल्याकडच्या ख्रिस्ती जोडप्यांना दत्तक घ्यायला साधारणपणे कायदाच नव्हता. १८९० च्या कायद्याखाली ती मुलाची फक्त ‘पालक’ होऊ शकत. हौसेने बारसे करायचे, पण कागदावर आई म्हणवून घ्यायचे नाही! २००० च्या बालन्याय कायद्याने आणि २००६ च्या दुरुस्तीने ती वाट मोकळी झाली. क्रेसवेलच्या बर्थाबाईंना जे १९५५ मध्ये जमले ते नगरच्या किंवा वसईच्या ख्रिस्ती बाईला जमायला आणखी पन्नास वर्षे लागली.

हॅरी फार दिवस जगले नाहीत. २८ एप्रिल १९६४ रोजी कोरियातच त्यांचे निधन झाले. सोलजवळ इल्सानला त्यांनी अपंग आणि कुणालाच नको असलेल्या मुलांसाठी वसतिगृह उभारले होते, तिथल्याच टेकडीवर त्यांना पुरले. आता बाई कामातून अंग काढतील असे लोकांना वाटले. बाईंनी आणखी छत्तीस वर्षे काम केले. १९६६ साली अमेरिकेने त्यांना ‘वर्षातील माता’ म्हणून गौरवले. म्हातारपणी त्या रोज धावायला जात. नव्वदी ओलांडल्यावर चारशे मीटर धावण्याचा त्यांच्या वयोगटातला जागतिक विक्रम त्यांनी केला. (माझे गुडघे पन्नाशीतच बोलू लागलेत, ते जाऊ दे.) २००० साली, ९६ व्या वर्षी त्या गेल्या, आणि त्यांनाही इल्सानला हॅरींशेजारीच ठेवले. मॉली त्याच वसतिगृहात अपंग मुलांमध्ये राहिल्या, लग्न केले नाही. २०१९ साली त्यांनीही तिथेच डोळे मिटले.

२०२० पासून परदेशातल्या कोरियन वकिलातींत एक सोय आहे. लहानपणी परदेशी धाडलेला, पण आईबापांचा पत्ता नसलेला माणूस तिथे जाऊन रक्ताच्या नात्याच्या तपासणीसाठी आपला नमुना देऊ शकतो. इकडे कोरियात म्हाताऱ्या झालेल्या आया पोलिसांकडे आपला नमुना देऊन ठेवतात. जुळला, तर फोन येतो.