पन्नास लाख डॉलरचा स्वल्पविराम

अमेरिकेच्या ईशान्य टोकाला मेन नावाचे राज्य आहे. तिथल्या पोर्टलंड शहरातल्या ओकहर्स्ट डेअरीच्या काही ट्रकचालकांनी २०१४ मध्ये कंपनीवर दावा लावला. आठवड्यात चाळीस तासांच्या वर केलेल्या कामाचे दीडपट वेतन मिळावे, एवढीच त्यांची मागणी होती. कंपनीने राज्याच्या कायद्यातल्या एका वाक्यावर बोट ठेवले. नाशवंत खाद्यपदार्थांशी संबंधित काही कामांना जादा वेतनाचा नियम लागू नाही, असे ते वाक्य सांगत होते. त्यात डबाबंद करणे, प्रक्रिया करणे, गोठवणे, सुकवणे, साठवणे अशा कामांची यादी होती आणि ती यादी संपत होती ‘पॅकिंग फॉर शिपमेंट ऑर डिस्ट्रिब्यूशन’ या शब्दांवर.

चालक माल वाटत होते, बांधत नव्हते. ‘शिपमेंट’नंतर स्वल्पविराम असता, तर वितरण हे यादीतले स्वतंत्र काम ठरले असते आणि चालकांचा दावा तिथेच संपला असता. पण स्वल्पविराम नव्हता. त्यामुळे या शब्दांचा दुसराही अर्थ निघत होता : रवानगीसाठी किंवा वितरणासाठी केलेली बांधणी. खालच्या न्यायालयाने कंपनीच्या बाजूने कौल दिला. मार्च २०१७ मध्ये बोस्टनच्या अपील न्यायालयाने तो फिरवला. न्यायमूर्ती डेव्हिड बॅरन यांनी निकालपत्राच्या सुरुवातीलाच लिहिले, की एक स्वल्पविराम नाही म्हणून हा खटला उभा राहिला. फेब्रुवारी २०१८ मध्ये कंपनीने पन्नास लाख डॉलर देऊन तडजोड केली.

हेच वाक्य मराठीत लिहून पाहिले, तर खटला उभाच राहत नाही. ‘रवानगीसाठी किंवा वितरणासाठी बांधणी’ आणि ‘रवानगीसाठी बांधणी किंवा वितरण’ यांत गोंधळ होण्याची सोय नाही. ‘साठी’ कुठे लागला यावर अर्थ पक्का होतो. मराठी माणसाला इंग्रजी लिहिताना कुठे अडखळायला होते आणि का, याचे उत्तर बरेचसे या फरकात आहे. मराठीत शब्दांचे नाते विभक्तीप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये सांभाळतात. इंग्रजीने आपले बहुतेक विभक्तीप्रत्यय शतकांपूर्वीच टाकले. तिथे तेच काम शब्दाची जागा आणि विरामचिन्हे करतात.

मराठीचे विरामचिन्हांवाचून शतकानुशतके अडले नाही, हेही इथे आठवावे. पोथ्यांत दंड असे. मोडी कागदपत्रांत तर शब्दसुद्धा सलग लिहिलेले असत. स्वल्पविराम, अर्धविराम, प्रश्नचिन्ह ही मंडळी मराठीत रुजवली ती एकोणिसाव्या शतकात मेजर थॉमस कँडी या इंग्रज अधिकाऱ्याने. शाळेत आपण ही चिन्हे वाचताना थांबण्याच्या खुणा म्हणून शिकतो. इंग्रजी मजकूर तपासणारा कॉपी एडिटर मात्र त्यांच्याकडे वाक्याचे सांधे म्हणून पाहतो. सांधा निखळला, की वाक्य भलतीकडेच वळते.

यादीतल्या शेवटच्या ‘अँड’ किंवा ‘ऑर’च्या आधी येणाऱ्या स्वल्पविरामाला ‘ऑक्सफर्ड कॉमा’ म्हणतात. ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसच्या छापखान्याचे प्रमुख होरेस हार्ट यांनी १८९३ मध्ये जुळारी आणि मुद्रितशोधकांसाठी नियम छापले; त्या परंपरेतून हे नाव आले. १९०६ पासून निघणारे ‘शिकागो मॅन्युअल ऑफ स्टाइल’ हा स्वल्पविराम द्यावा म्हणते. असोसिएटेड प्रेसची शैलीपुस्तिका साध्या यादीत तो गाळते आणि भारतातली बहुतेक इंग्रजी वृत्तपत्रेही तसेच करतात. दोन्ही पद्धती मान्य आहेत. पण एखाद्या प्रबंधाच्या आभारात ‘आय थँक माय पेरेंट्स, द प्रिन्सिपल अँड द कलेक्टर’ असे छापले, तर प्राचार्य आणि कलेक्टर हेच लेखकाचे आईवडील ठरतात. ‘प्रिन्सिपल’नंतर स्वल्पविराम दिला, की चौघे वेगळे होतात. मराठीत ‘आईवडिलांचे, प्राचार्यांचे आणि कलेक्टरांचे आभार’ म्हटले की काम झाले; तीनदा आलेल्या ‘चे’ने ते केले.

नको तिथे पडलेला स्वल्पविरामही तितकाच महाग पडतो. १८७२ च्या अमेरिकी जकात कायद्यात लागवडीसाठी येणारी फळझाडे करमुक्त करायची होती. छापताना ‘फ्रूट’ आणि ‘प्लँट्स’ या दोन शब्दांच्या मध्ये स्वल्पविराम पडला आणि फळझाडांऐवजी फळे आणि झाडे असा अर्थ झाला. फळांच्या आयातदारांनी करमाफी मागितली. चूक दुरुस्त होईपर्यंत सरकारी तिजोरीचे सुमारे वीस लाख डॉलर गेले होते.

स्वल्पविराम माणसांची संख्यासुद्धा बदलतो. ‘माय ब्रदर हू लिव्हज इन पुणे इज अ डॉक्टर’ हे स्वल्पविरामाशिवाय लिहिले, तर भाऊ एकाहून अधिक आहेत आणि त्यांतला पुण्याचा डॉक्टर आहे. ‘ब्रदर’नंतर आणि ‘पुणे’नंतर स्वल्पविराम दिले, तर भाऊ एकच, त्याचा पुण्यातला मुक्काम ही जाता जाता दिलेली माहिती. माहिती काढून टाकली तरी कोणाबद्दल बोलणे चालले आहे ते कळत असेल, तर ती दोन स्वल्पविरामांच्या मध्ये ठेवावी, अशी ही कसोटी आहे. बहुतेक चुका दुसरा स्वल्पविराम विसरल्याने होतात. कंस उघडून बंद न करण्यासारखेच ते आहे.

अ‍ॅपॉस्ट्रॉफी, म्हणजे अक्षराच्या खांद्यावर बसणारा स्वल्पविराम, इंग्रजांनाही छळतो. जॉन रिचर्ड्स या निवृत्त पत्रकाराने २००१ मध्ये इंग्लंडमध्ये या चिन्हाच्या रक्षणासाठी एक संस्था काढली. २०१९ मध्ये, वयाच्या शहाण्णवाव्या वर्षी, अज्ञान आणि आळस जिंकले असे सांगत त्यांनी ती बंद केली. पुस्तकविक्रीच्या वॉटरस्टोन्स या साखळीने तर २०१२ मध्ये आपल्या नावातूनच हे चिन्ह काढून टाकले.

मराठी वाचकाला ते समजून घेणे मात्र अवघड नाही. ‘मुलाची वही’ आणि ‘मुलांची वही’ यांत एका अनुस्वाराने एकवचनाचे अनेकवचन होते. इंग्रजीत ‘बॉइज’ या शब्दात तेच काम चिन्हाची जागा करते. ते एसच्या आधी असेल तर मुलगा एक, एसच्या नंतर असेल तर अनेक. ‘हिज’ आणि ‘हर्स’ या सर्वनामांत मालकी आधीच मुरलेली असते, म्हणून त्यांना हे चिन्ह लागत नाही. ‘त्याचे’ या अर्थाचे ‘इट्स’ही याच कुळातले. चिन्ह असलेले ‘इट्स’ म्हणजे ‘इट इज’ किंवा ‘इट हॅज’ यांचा संक्षेप. शंका आली, तर त्या जागी ‘इट इज’ आणि मग ‘इट हॅज’ वाचून पाहावे. दोन्ही बसले नाहीत, तर चिन्ह काढावे.

‘अ’ की ‘अ‍ॅन’, या प्रश्नात तर देवनागरी वाचणाऱ्याच्या हाती आयती किल्ली आहे. इंग्रजी शाळांत एईआयओयू ही पाच अक्षरे पाठ करून घेतात. पण नियम अक्षराचा नाही, उच्चाराचा आहे. पुढचा शब्द मनात देवनागरीत लिहावा. ‘अवर’ स्वराने सुरू होतो, म्हणून ‘अ‍ॅन अवर’, इंग्रजी स्पेलिंग एचने सुरू होत असले तरी. ‘युनिव्हर्सिटी’ य या व्यंजनाने सुरू होते, म्हणून ‘अ युनिव्हर्सिटी’. ‘अ‍ॅन एमएलए’, ‘अ‍ॅन एफआयआर’, पण ‘अ युरोपियन’ आणि ‘अ वन-डे मॅच’. ही युक्ती क्वचितच दगा देते.

काही चुका मराठी वाक्याचा साचा इंग्रजीत उतरल्याने होतात. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर इंग्रजी शिकलेल्या पिढ्यांनाही त्या चुकवाव्या लागल्या. ‘जरी पाऊस होता तरी आम्ही गेलो’ हे जोडीचे वाक्य. इंग्रजीत मात्र ‘ऑलदो’ आला की पुढे ‘बट’ येत नाही. दोघांपैकी एकच ठेवायचा. ‘अंदाजपत्रकाबद्दल चर्चा केली’ यातले ‘बद्दल’ पुढे जाऊन ‘डिस्कस्ड अबाउट द बजेट’ होते. ‘डिस्कस्ड’मध्ये ते ‘बद्दल’ आधीच आहे. ‘कमी’ हा आपला एकच शब्द पाण्यालाही चालतो आणि माणसांनाही. औपचारिक इंग्रजीत मात्र मोजता येते ते ‘फ्यूअर’ आणि न मोजता येणारे ‘लेस’. ‘स्टेशन कुठे आहे ते सांगा’ याचे इंग्रजी करताना ‘व्हेअर इज द स्टेशन’ ही थेट प्रश्नाची रचना आत शिरते. सांगण्याच्या वाक्यात ती ‘व्हेअर द स्टेशन इज’ अशी हवी.

कर्ता आणि क्रियापदाची फारकत हाही असाच प्रकार. ‘पुस्तकांची यादी टेबलावर आहे’ या वाक्यात ‘पुस्तकांची’ हे रूपच सांगते, की तो शब्द कर्ता नाही. ‘द लिस्ट ऑफ बुक्स’ म्हणताना ‘बुक्स’ क्रियापदाला खेटून बसतो आणि हातून ‘आर’ लिहिले जाते. मधला तुकडा झाकून वाक्य वाचले, की ‘द लिस्ट इज’ लगेच दिसते.

‘रस्त्याने जाताना देऊळ दिसले’ हे निर्दोष मराठी आहे. कोणाला दिसले ते ऐकणाऱ्याला कळते. शब्दाला शब्द ठेवून ‘वॉकिंग डाउन द रोड, द टेंपल अपिअर्ड’ लिहिले, तर चालते देऊळ. सुरुवातीच्या तुकड्यातले काम ज्याने केले, तोच स्वल्पविरामानंतर लगेच आला पाहिजे : ‘वॉकिंग डाउन द रोड, वी सॉ द टेंपल’.

चांगला कॉपी एडिटर जितके दुरुस्त करतो, तितकेच सोडूनही देतो. वाक्याचा शेवट शब्दयोगी अव्ययाने करू नये, हा आक्षेप कवी जॉन ड्रायडन यांनी सतराव्या शतकात घेतला आणि पुढे शाळांनी त्याचा नियम केला. ‘टू’ आणि क्रियापद यांच्यामध्ये शब्द घालू नये, ‘बट’ने वाक्य सुरू करू नये, हे त्याचेच भाऊबंद. हेन्री फाउलर यांनी १९२६ मध्ये आपल्या शब्दप्रयोगांच्या कोशात अशा समजुतींचा समाचार घेतला. वाचकाला अर्थ सरळ पोचत असेल, तर अशी वाक्ये बदलण्याचे कारण नाही.

जे सोडून चालत नाही, ते म्हणजे सुसंगती. ‘ऑर्गनाइज’ एसने लिहावे की झेडने? भारतीय वृत्तपत्रे एस पसंत करतात, अमेरिकी लेखनात झेड असतो, आणि ऑक्सफर्डचा थोरला कोशही झेडच्याच बाजूचा आहे. कोणतेही एक निवडावे, पण पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत तेच ठेवावे. त्यासाठी संपादक शेजारी एक कागद ठेवतात आणि केलेली प्रत्येक निवड त्यावर टिपतात. आकड्यांचेही तसेच. आपण ५०,००,००० लिहितो. परदेशी वाचकासाठी तीच रक्कम ५,०००,००० होते. ५/८ ही तारीख आपल्याकडे पाच ऑगस्ट, अमेरिकेत आठ मे. म्हणून महिन्याचे नाव अक्षरात लिहिलेले बरे.

नोकरीचा अर्ज असो की शोधनिबंध, पाठवण्यापूर्वी तो तीनदा वाचावा : एकदा अर्थासाठी, एकदा व्याकरणासाठी, एकदा फक्त नावे आणि आकड्यांसाठी. यांतले एक वाचन मोठ्याने करावे. जिथे जीभ अडखळते, तिथे बहुधा एखादा सांधा सैल असतो.

मेनच्या विधिमंडळाने ओकहर्स्टच्या निकालानंतर ते वाक्य दुरुस्त केले. आता त्या यादीत प्रत्येक कामानंतर अर्धविराम आहे, ‘पॅकिंग फॉर शिपमेंट’नंतरही, आणि ‘डिस्ट्रिब्यूशन’च्या जागी ‘डिस्ट्रिब्यूटिंग’ हा शब्द आला आहे.