शहरातला मधुमेह मोजतात कसा?

दवाखान्यातले रुग्ण मोजून शहरात मधुमेह किती आहे हे कळत नाही. अनेकांना आपली साखर वाढल्याचा पत्ताच नसतो, त्यामुळे ते तपासणीला जात नाहीत. म्हणून पाहणी घरोघरी जाऊन करावी लागते.

या शतकाच्या सुरुवातीला चेन्नईत झालेली पाहणी याचा उत्तम नमुना आहे. महापालिकेच्या १५५ वॉर्डांपैकी ४६ वॉर्ड निवडून २० वर्षे व त्यावरील २६,००१ जणांची बोटातून रक्त घेऊन तपासणी झाली. मग दर दहाव्या व्यक्तीची सखोल चाचणी झाली. या चाचणीत ७५ ग्रॅम ग्लुकोज प्यायला देऊन दोन तासांनी साखर पाहतात. ती दर डेसिलिटरला २०० मिलिग्रॅम किंवा अधिक भरली, तर मधुमेह धरतात. केवळ उपाशीपोटीची साखर पाहिली, तर काही रुग्ण निसटतात.

प्रमाण निघाले १५.५ टक्के. मात्र मधुमेह वयानुसार वाढतो. ज्या गटात वयस्कर माणसे जास्त, तिथला आकडा आपोआप फुगतो. वयाचा हा फरक काढून टाकल्यावर प्रमाण १४.३ टक्के आले. दोन शहरांची तुलना याच आकड्यावर करावी.

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासात शहरी भागांत १६.४, ग्रामीण भागांत ८.९, तर गोव्यात तब्बल २६.४ टक्के प्रौढांना मधुमेह आढळला. औषधे आणि तपासणी केंद्रे कुठे वाढवायची, हे अशा मोजणीवरूनच ठरायला हवे. तपासनीस दारी आले, तर त्यांना जरूर सहकार्य करा.