वितळजोडातील दोष, अणुविद्युत् केंद्राच्या नळकामातील

अणुविद्युत् केंद्राच्या उभारणीत शीतक, वाफ व आपत्कालीन शीतनाचे पाणी वाहून नेणारे नळ बऱ्याच ठिकाणी जागेवरच वितळजोडाने सांधावे लागतात. अशा जोडात राहिलेली वायुछिद्रे, मळीचे कण, धातू एकजीव न झालेले भाग व तडे यांना वितळजोडातील दोष म्हणतात. ते शोधणे, त्यांपैकी कोणते काढावयाचे हे ठरविणे आणि दुरुस्त जोड पुन्हा तपासणे ही कामे केंद्र चालू होण्यापूर्वी पुरी व्हावी लागतात; कारण नंतर किरणोत्सर्गामुळे अनेक जोडांजवळ माणसाला थोडाच वेळ थांबता येते.

दोषांची कारणे बहुधा साधी असतात. विद्युत् अग्रावरील लेप दमट असल्यास किंवा आर्गॉन वायूचे आवरण वाऱ्याने विस्कटल्यास छिद्रे पडतात. एका थरावरील मळी न खरवडता दुसरा थर चढविल्यास ती आत अडकते. नळांची तोंडे नीट न जुळल्यास जोडाच्या मुळाशी धातू पुरता वितळत नाही. कार्बन पोलादात व मिश्रपोलादात हायड्रोजन शिरल्यास जोड थंड झाल्यावर, कधीकधी काही तासांनी, तडा जातो. म्हणून जाड नळ आधी तापवून घेतात व अंतिम तपासणी घाईने करीत नाहीत.

तपासणीसाठी जागेवर सामान्यतः इरिडियम-१९२ या किरणोत्सर्गी समस्थानिकाचे गॅमा किरण वापरतात. नळाबाहेर लावलेल्या फिल्मवर छिद्रे व मळी स्पष्ट उमटतात. परंतु किरणांच्या दिशेशी तिरकस असलेला बारीक तडा सहज निसटतो आणि दोषाची खोली एका छायाचित्रावरून कळत नाही. श्राव्यातीत ध्वनितरंगांनी ही उणीव बरीचशी भरून निघते. मात्र अगंज पोलादाच्या जोडातील भरड स्फटिककणांमुळे तरंग विखुरतात व त्यांचा अर्थ लावण्यास अनुभवी माणूस लागतो.

आढळलेला प्रत्येक दोष काढावा लागतोच असे नाही. अमेरिकन सोसायटी ऑफ मेकॅनिकल एंजिनियर्स या संस्थेच्या संहितेनुसार तडा व अपूर्ण एकजीवता कितीही लहान असली तरी अमान्य असते. लांबट मळीला मात्र सु. १९ ते ५७ मिमी. जाडीच्या जोडात जाडीच्या एक-तृतीयांशापर्यंत मुभा असते. ही मर्यादा मुख्यतः कारागिरीचा दर्जा मोजण्यासाठी आहे; ती ओलांडताच नळ फुटेल असा तिचा अर्थ नाही. याची जाणीव नसलेले तपासनीस संशयास्पद दिसणारी प्रत्येक खूण उकरावयास लावतात. ही सावधगिरी वरवरची होय.

दुरुस्तीत प्रथम दोषाची जागा व खोली निश्चित करून तेथील धातू शाणचक्राने घासून काढतात. अगंज पोलादासाठी वेगळी, लोखंडाला न लागलेली चक्रे वापरतात. दोष पुरता गेला की नाही हे उकरलेल्या खळग्यात रंगद्रव्य झिरपवून पाहतात, कारण तड्याचे टोक राहिल्यास नवा धातू त्याला केवळ झाकतो. मग आधी चाचणी घेऊन मान्य केलेल्या पद्धतीने खळगा भरतात आणि मूळ दोष ज्या पद्धतीने सापडला तिनेच जोड पुन्हा तपासतात. मुळाशी पोहोचणारी दुरुस्ती असेल, तर नळाच्या पोकळीत आर्गॉन भरून ठेवावा लागतो.

जोडापर्यंत पोहोचता न आल्यास हेच काम अतिशय अवघड होते. फ्रान्समधील फ्लामाँव्हील-३ या केंद्रात मुख्य वाफनळांचे आठ जोड संरक्षक इमारतीच्या दोन भिंतींमधील जागेत होते. हे नळ फुटण्याची शक्यताच राहू नये इतका उच्च दर्जा त्यांच्यासाठी गृहीत धरलेला होता. प्रत्यक्षात जोड त्या दर्जाचे झाले नव्हते. दुरुस्ती केंद्र चालू झाल्यानंतर करण्याची कल्पना मांडली गेली. पण तेथील अणुसुरक्षा नियामक संस्थेने जून २०१९ मध्ये ती आधीच करण्यास सांगितले. त्याच वर्षी ऑक्टोबरात केंद्राचा अंदाजित खर्च १०.९ वरून १२.४ अब्ज यूरोंवर गेला. दुरुस्तीसाठी नळाच्या आतून काम करणारी दूरनियंत्रित यंत्रे बनवावी लागली. केंद्राची वीज जाळ्याला डिसेंबर २०२४ मध्ये मिळाली.

दुरुस्त जोड तपासणीत निर्दोष ठरला तरी तो मूळ जोडासारखा होत नाही. लहान खळग्यात ओतलेला धातू थंड होताना आक्रसतो, पण भोवतालचा ताठ नळ त्याला आक्रसू देत नाही. त्यामुळे ताण देणारी प्रतिबले मागे राहतात व ती फिल्मवर दिसत नाहीत. जास्त कार्बन असलेले अगंज पोलाद वारंवार सु. ५००° ते ८००° से. तापमानातून गेल्यास कणांच्या सीमांवर क्रोमियम कार्बाइड साचते, सीमांलगतच्या पट्ट्यातील क्रोमियम घटते आणि तो पट्टा संक्षारणास बळी पडू शकतो. कमी कार्बनाचे पोलाद वापरून हा दुसरा धोका टाळता येतो, पहिला टळत नाही. यासाठी एकाच जागी किती वेळा दुरुस्ती करावयाची याला मर्यादा घालतात आणि ती ओलांडल्यास सबंध जोड कापून नवा करणे श्रेयस्कर मानतात.

फ्रान्समधील पेन्ली-१ या विक्रियकात हे ठळकपणे दिसून आले. १९९० मध्ये वीज देऊ लागलेल्या या विक्रियकाच्या आपत्कालीन शीतन-नळाच्या एका जोडाजवळ २०२३ च्या प्रारंभी तडा आढळला. त्याची लांबी १५५ मिमी., म्हणजे परिघाच्या सु. एक-चतुर्थांश होती, नळाची जाडी २७ मिमी. असून तडा २३ मिमी. खोल गेला होता. नळाच्या रचनेवरून ही वाहिनी प्रतिबल-संक्षारणास बळी पडणार नाही असा निष्कर्ष पूर्वी काढलेला होता. तथापि बांधकामाच्या वेळी हा जोड दोनदा दुरुस्त केलेला होता आणि त्यामुळे धातूचे गुणधर्म व अंतर्गत प्रतिबले बदलली असावीत, असे नियामक संस्थेने म्हटले. त्यानंतर तपासणीच्या कार्यक्रमात दुरुस्त जोडांना अग्रक्रम देण्यात आला. असे जोड कोणते, हे उभारणीच्या काळातील कागदपत्रांवरूनच ठरविता येते. म्हणून प्रत्येक जोडाचा क्रमांक, कारागिराची खूण, फिल्म आणि उकरलेल्या खळग्याचे माप केंद्राच्या आयुष्यभर जपून ठेवावे लागते.