ओटीपी कुणाच्या मोबाईलवर जातो?

"बाजी, ओटीपी आयाच नै."

2025 च्या दिवाळीच्या सुट्टीआधी हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं की मोजणं सोडून दिलं. शाळा सुटली की मोहल्ल्यातल्या दोघी-तिघी फाटकाशी उभ्या असायच्या. हातात आधार कार्डाची झेरॉक्स, पासबुक, आणि घरून मागून आणलेला मोबाईल. लाडकी बहीणची ई-केवायसी करायची होती. सगळं व्यवस्थित भरलं जायचं, बारा आकडी आधार क्रमांक, खालची वेडीवाकडी अक्षरं, संमतीची टिकली. मग 'ओटीपी पाठवा' दाबलं की आम्ही दोघी त्या मोबाईलकडे बघत बसायचो. ओटीपी येत नसे. तो जात होता, पण दुसरीकडेच.

कुठे, ते शोधायला गेलं की बहुतेक वेळा एकच गोष्ट निघे. दहा-बारा वर्षांपूर्वी आधारचे कॅम्प लागले तेव्हा सगळ्या घरानं मिळून एकच नंबर दिला होता. तो मियांचा, सासऱ्यांचा किंवा मोठ्या दिराचा. पुढे ते सिम हरवलं, रिचार्ज थांबला, नंबर बंद पडला. बंद पडलेला नंबर कंपनी काही महिन्यांनी दुसऱ्या ग्राहकाला देऊन टाकते. म्हणजे आपल्या बदनापूरच्या बाईचा ओटीपी आज कुठल्या गावातल्या, कुठल्या अनोळखी माणसाच्या खिशात वाजत असेल, अल्लाह जाणे.

आधी ही योजना थोडक्यात पाहू. 28 जून 2024 च्या अर्थसंकल्पात 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजना जाहीर झाली. वय 21 ते 65, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत, दरमहा 1500 रुपये थेट खात्यात. 18 सप्टेंबर 2025 ला शासनानं सांगितलं की दोन महिन्यांत सगळ्यांनी ई-केवायसी करायची. पुढे मुदत 31 डिसेंबरपर्यंत वाढली. या ई-केवायसीत बाईच्या आधारला जोडलेल्या मोबाईलवर एक ओटीपी येतो, आणि त्यानंतर नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या आधारला जोडलेल्या मोबाईलवर दुसरा. दोन्ही आले तरच काम पुढे सरकतं.

अर्ज भरताना अंगणवाडी सेविका होत्या, 'नारीशक्ती दूत' अ‍ॅप होतं, मदतीला माणसं होती. ओटीपीच्या वेळी मात्र बाई एकटी पडली. योजनेच्या चांगल्या-वाईटात मी शिरत नाही. मला त्यातून दिसलं ते वेगळंच. आपल्या घरांत मोबाईल आहे, पण तो नेमका कुणाचा आहे, हे आपण इतक्या वर्षांत कधी विचारलंच नव्हतं. ओटीपीनं विचारलं.

"आमच्या घरात तीन मोबाईल आहेत," असं कुणी सांगितलं की आपल्याला वाटतं, झालं, घर डिजिटल झालं. सरकारी पाहणीतही घरात फोन आहे का, हे विचारलं जातं. पण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाने आणखी एक प्रश्न विचारला, की बाई स्वतः वापरते असा मोबाईल तिच्याकडे आहे का? 2019-21 च्या फेरीत देशातल्या 54 टक्के स्त्रियांनी हो सांगितलं. त्याआधीच्या, 2015-16 च्या फेरीत 46 टक्के होत्या. म्हणजे वाढ आहे, पण अजून निम्म्याजवळच आहोत. इंटरनेट कधीतरी वापरलंय असं सांगणाऱ्या स्त्रिया 33 टक्के, पुरुष 57. खेड्यांत तर स्त्रिया 25 आणि पुरुष 49 टक्के, जवळजवळ निम्मा फरक. दक्षिण आशियातली ही दरी जगातल्या सगळ्यात मोठ्या दऱ्यांपैकी आहे, असं मोबाईल कंपन्यांची जागतिक संघटना जीएसएमए दरवर्षीच्या अहवालात सांगत आली आहे.

हे मी लॉकडाऊनमध्ये जवळून पाहिलं. 2020 मध्ये शाळा मोबाईलवर आली. वर्गातल्या एका मुलीचे अब्बा जालन्याच्या स्टील कारखान्यात. काम सुरू झालं तसा मोबाईल सकाळी त्यांच्याबरोबर जायचा आणि रात्री परत यायचा. आला की आधी भाऊ घ्यायचा, त्याची दहावी होती. मुलीचा अभ्यास मला रात्री साडेअकराला मिळायचा, वहीच्या पानाचा अंधूक फोटो. भावाचं चुकलं असं मी म्हणणार नाही, दहावी दहावीच असते. पण रांगेत ती शेवटी का, याचं उत्तर घरात कुणाजवळ नव्हतं, कारण प्रश्नच कुणाला पडला नव्हता.

शेतातही हेच. आपल्या बदनापूरच्या कृषी संशोधन केंद्रातून निघालेली बीडीएन 711 तूर मराठवाड्यात सगळ्यांना माहीत आहे. तुरीत खुरपायला, शेंगा तोडायला बायकाच असतात, मजुरीनंही आणि घरच्या रानातही. पण पाऊस कधी, फवारणी कोणती, भाव काय निघाला, हे सगळे मेसेज जातात घरच्या पुरुषाच्या ग्रुपवर. तो सांगेल तेव्हा हिला कळतं.

बँकेचंही तसंच. खातं तिच्या नावाचं, एसएमएस मियांच्या मोबाईलवर. 1500 रुपये जमा झाल्याची खबर आधी त्याला लागते. बरेच नवरे भले असतात, घरी येऊन सांगतात. पण "तेरे पैसे आये" हे दुसऱ्यानं सांगणं आणि स्वतःच्या हातात मेसेज वाजणं, यात फरक आहे.

आता भाषेचं. ई-केवायसीच्या शेवटी दोन घोषणा होत्या. त्यातली एक साधारण अशी, की माझ्या कुटुंबातले सदस्य कायम सरकारी नोकरीत नाहीत किंवा निवृत्तिवेतन घेत नाहीत. पुढे पर्याय, 'होय' आणि 'नाही'. आपल्या घरात कुणी सरकारी नोकर नाही म्हणून बाई सरळ 'नाही' दाबणार! आणि तिथेच ती अडकणार, कारण 'नाहीत' या विधानाला 'होय' म्हणायचं होतं. मराठी शाळेत शिकलेल्यांचाही इथे गोंधळ झाला. मग पहिली ते सातवी उर्दू माध्यमात शिकलेल्या, घरात दखनी बोलणाऱ्या बाईचं काय झालं असेल? तिला 'निवृत्तिवेतन' म्हणजे पेन्शन हे कुणी सांगितलं होतं? राज्यभरात अशा चुका इतक्या झाल्या की नंतर अंगणवाडी सेविकांमार्फत प्रत्यक्ष पडताळणी करायचं शासनाला ठरवावं लागलं.

आपल्या बायका मोबाईल वापरतात, पण वाचून नाही, ऐकून. व्हॉट्सअ‍ॅपवर त्यांचे लांबलचक व्हॉइस मेसेज ऐका, माहेरच्या लग्नाची सगळी हकीकत त्यात असते. यूट्यूबवर बोलून शोधतात, बिर्याणीची रेसिपी, शिवणकामाचं माप, बयान. हे कमी नाही. अडतं ते फॉर्मपाशी, कारण फॉर्म बोलत नाही. म्हणून उर्दू शाळांत मराठीचा तास हा नुसता मार्कांचा विषय समजू नये, असं मी पालकसभेत दरवर्षी सांगते. अर्धे पालक मान हलवतात.

मुलींच्या हातात मोबाईल देताना घरच्यांना भीती वाटते. ती भीती खोटी नाही, हेही प्रामाणिकपणे लिहायला हवं. जुलै 2021 मध्ये 'सुल्ली डील्स' आणि 1 जानेवारी 2022 ला 'बुल्ली बाई' नावाच्या अ‍ॅपवर अनेक मुस्लिम स्त्रियांचे फोटो त्यांच्या परवानगीशिवाय टाकून लिलाव असल्याचं भासवलं गेलं. त्यात पत्रकार होत्या, वकील होत्या, पायलट होत्या. दुसऱ्या प्रकरणात मुंबई पोलिसांनी काही दिवसांत अटका केल्या. त्यानंतर आमच्याकडे किती मुलींचे मोबाईल काढून घेतले गेले, ते मला माहीत आहे. पण ज्यांनी तक्रार केली त्या स्त्रियांना तक्रार कुठे आणि कशी करायची हे माहीत होतं, म्हणून त्या लढू शकल्या. मोबाईल काढून घेतलेल्या मुलीला 1930 हा सायबर हेल्पलाईनचा नंबर माहीत असतो का? तिच्या फोटोशी कुणी खेळ केला तर ती अब्बांना सांगेल की लपवेल? मोबाईल काढून घेतल्यावर ती लपवायलाच शिकते, हा माझा वर्गातला अनुभव आहे.

दीनच्या नावानं जे अडवतात, त्यांना मी एक गोष्ट आठवून देते. हजरत अबू बकर (रजि.) यांच्या काळात कुरआन एकत्र लिहून घेतलं गेलं. ती प्रत त्यांच्यानंतर हजरत उमर (रजि.) यांच्याकडे आणि पुढे उम्मुल मोमिनीन हजरत हफ्सा (रजि.) यांच्याकडे राहिली. हजरत उस्मान (रजि.) यांनी प्रती करायला घेतल्या तेव्हा ती हफ्सांकडून मागवून घेतली आणि काम झाल्यावर परत केली. हफ्सांना लिहायला शिकवलं होतं शिफा बिन्त अब्दुल्लाह या बाईंनी. त्या काळात लिहिणं म्हणजेच माहितीचं तंत्र होतं, आणि उम्मतची सगळ्यात मोलाची नोंद एका स्त्रीच्या ताब्यात होती.

जवळचं उदाहरण हवं तर बांगलादेशचं आहे. 1997 मध्ये तिथे ग्रामीणफोन सुरू झाला. इक्बाल कादिर यांची कल्पना आणि मुहम्मद युनूस यांची ग्रामीण बँक. खेड्यातली बाई बँकेचं कर्ज काढून मोबाईल घ्यायची आणि मिनिटाच्या हिशेबानं गावाला फोन करू द्यायची. सौदीत गेलेल्या मुलाशी बोलायला गावातले मोठे मोठे लोक तिच्या अंगणात येऊन बसत. पुढे हँडसेट स्वस्त झाले, घरोघरी फोन आले आणि तो धंदा मावळला. फोन घरोघरी गेला तेव्हा बाईच्या हातातून निघून पुरुषाच्या खिशात गेला, हेही त्यातलंच.

मग करायचं काय? मोठा स्मार्टफोन घेऊन द्या, असं मी म्हणत नाही. ओटीपीला साधा बटणांचा फोनही चालतो. हवं ते तिच्या नावावरचं सिम. दुकानात गेल्यावर पुरुष आपल्याच आधारवर सिम घेतात, सोपं पडतं म्हणून. पण ज्याच्या नावावर सिम, नंबर त्याचा. उद्या घरात काही बिनसलं तर नंबरबरोबर बँक, गॅस, रेशन सगळ्याचे मेसेज जातात. महिन्याचं रिचार्ज दोनशेच्या घरात गेलंय, दोन नंबर परवडत नाहीत, हे खरं आहे. पण ट्रायच्या आदेशामुळे 2025 पासून कंपन्यांना इंटरनेट नसलेले, फक्त कॉल आणि एसएमएसचे पॅकही ठेवावे लागतात. दुकानदार आपणहून सांगत नाही, विचारावं लागतं.

सिम झालं की तो नंबर आधारला जोडायचा. आधार केंद्रावर स्वतः जाऊन हे करता येतं, बोटांचे ठसे द्यावे लागतात, मात्र दुसरं कागदपत्र लागत नाही. फी 1 ऑक्टोबर 2025 पासून 75 रुपये आहे, आधी 50 होती. जास्त मागितले तर पावती मागा. ज्यांना बाहेर पडणं अवघड, आजारी किंवा म्हाताऱ्या आहेत, त्यांनी पोस्टात चौकशी करावी. 2021 पासून इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेचे पोस्टमन घरी येऊनही आधारचा मोबाईल नंबर बदलून देतात. नंबर जोडून झाला की बँकेत वेगळा अर्ज द्यायचा. आधारला नंबर बदलला म्हणून बँकेतला आपोआप बदलत नाही, हे बऱ्याच जणींना फार उशिरा कळतं.

आणि ओटीपी कुणालाही सांगायचा नाही. हे मी शंभरदा सांगते, आणि ई-केवायसीच्या दिवसांत त्याच बायकांना केंद्रावरच्या पोराला ओटीपी मोठ्यानं वाचून दाखवावा लागत होता. दोन्ही एकदम कसं समजावून सांगायचं, मला अजून नीट जमलेलं नाही. सध्या एवढंच सांगते की तुम्ही स्वतः समोर बसला असाल, काय भरलं जातंय ते दिसत असेल, तरच आकडे टाका, आणि शक्यतो स्वतःच्या बोटानं. फोनवरून कुणी मागितला तर, तो बँकेचा साहेब म्हणवत असला तरी, नाही.

एवढं करूनही काहींचं अडतं. बेवा आणि तलाक झालेल्या भगिनींचं. ज्यांना पती नाही आणि वडीलही नाहीत त्यांचा दुसरा ओटीपी येणार कुठून? नोव्हेंबरमध्ये शासनानं मार्ग काढला. त्यांनी स्वतःची ई-केवायसी करावी आणि मृत्यूचा दाखला किंवा घटस्फोटाचा कागद, न्यायालयाचा आदेश अंगणवाडी सेविकेकडे द्यावा. कागद असेल तर ठीक. आपल्याकडे मात्र तोंडी सोडून दिलेल्या, माहेरी येऊन बसलेल्या कितीतरी आहेत. त्यांच्याजवळ ना तलाकनामा, ना कोर्टाचा आदेश, कधी कधी निकाहनामाही सासरीच राहिलेला. यांचा प्रश्न मोबाईलनं सुटणारा नाही. इथे जमातीच्या जबाबदार लोकांनी आणि काझी साहेबांनी लक्ष घालावं. निकाहनाम्याची एक प्रत मुलीच्या माहेरी जायलाच हवी, आणि वेगळं व्हायचंच असेल तर ते लेखी, तारखेसह असावं.

मयतीचंही सांगते. घरातला माणूस गेला की चाळीसाव्याच्या जेवणाची यादी होते, पण मृत्यूची नोंद 21 दिवसांत करायची असते, हे कुणाच्या लक्षात राहत नाही. तेवढ्यात केली तर फी लागत नाही. नंतर विलंब शुल्क, आणि वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्यांच्या आदेशापर्यंत जावं लागतं. कब्रस्तानच्या वहीत नाव असतं, ग्रामपंचायतीत किंवा नगरपंचायतीत नसतं. दफन करून आल्यावर घरातल्या एखाद्या तरुणानं त्याच आठवड्यात हे काम करावं, आणि दाखल्याच्या दोन प्रती भाभीच्या हातात द्याव्यात.