अळी एक, दावेदार दोन

हरभऱ्याच्या वावरात वाकून पाहिलं, तर घाटेअळीचं मरण दोन तऱ्हांचं दिसतं. एक अळी शेंड्याला मागच्या पायांनी धरून उलटी लोंबते, काळपट आणि पिलपिलीत. बोट लागताच कातडं फाटतं आणि आतलं पाणी पानावर सांडतं. ती विषाणूनं मेलेली. दुसरीचं नुसतं चुरगळलेलं कातडं उरतं आणि जवळच तांदळाच्या दाण्याएवढा कोष असतो. हा प्रताप कॅम्पोलेटिस क्लोरिडी नावाच्या बारीकशा परजीवी गांधीलमाशीचा.

कृषी सहायक दोघांनाही शेतकऱ्याचे मित्र म्हणतात. खरंच आहे ते. पण हे मित्र आपसांत काय करतात, ते जास्त रंगतदार आहे.

माशी कोवळ्या अळीत सुईसारख्या नळीनं अंडं घालते. पिल्लू आतल्या आत अळी खात आठवडाभर वाढतं. एचएनपीव्ही हा विषाणू मात्र घाईचा. लहान अळी तो चार-पाच दिवसांत संपवतो, तिचं आतडं-मांस सगळं विरघळवतो. त्याचं मोजमापही अळ्यांतच चालतं: 1 एल.ई. म्हणजे एका रोगट अळीइतका विषाणू, सुमारे 600 कोटी कण! हा विषाणू माशीच्या पिल्लाला बाधत नाही, पण त्याचं जेवण आणि घर एकदमच जातं. अंडं चार दिवस आधी पडलं असेल तर पिल्लू निसटतं, नाहीतर अळीबरोबर जातं. वर आणखी गंमत अशी, की रोगट अळीत खुपसलेली सुई माशी पुढे निरोगी अळीतही खुपसते आणि स्वतःच्याच पोरांच्या मुळावर उठते.

पिल्लू मरतं ते उपासमारीनं, असंच बराच काळ धरलं जाई. 1970 मध्ये हॅरी काया यांनी लष्करी अळीवर काम करताना वेगळंच दाखवलं. एका विषाणूनं आजारी पडलेल्या अळीच्या रक्तातच माशीच्या पिल्लांना मारणारं काहीतरी होतं. ते काय, हे कळायला 2021 उजाडलं. स्पेन, जपान आणि कॅनडातल्या संशोधकांनी ‘सायन्स’मध्ये त्या प्रथिनांचं कूळच मांडलं. नाव सरळसोट, पॅरासिटॉइड किलिंग फॅक्टर. मायक्रोगॅस्ट्रिनी गटातल्या माश्यांच्या पिल्लांमध्ये ती शिरली, की पेशी स्वतःहून मरू लागतात. विषाणूला भागीदार नको असतो, एवढाच याचा अर्थ. पण हीच जनुकं काही पतंगांच्या जनुकसंचातही सापडली! शत्रूचं हत्यार अळीनं घरात आणून ठेवलंय.

मार खाणाऱ्या या माश्याही साध्याभोळ्या नाहीत. सुमारे 10 कोटी वर्षांपूर्वी त्यांच्या पूर्वजांनी एक विषाणू आपल्या जनुकांत मुरवून घेतला. अंड्यासोबत आजही त्याचे कण अळीत सोडले जातात आणि तिची प्रतिकारशक्ती लुळी पडते. तो मूळ विषाणू एचएनपीव्हीच्याच भाऊबंदांतला. भाऊबंदकी म्हणतात ती हीच.

आमचे काका विषाणू फवारतात तो ऊन उतरल्यावर, कारण उन्हात तो टिकत नाही. द्रावणात कपड्यांची राणीपाल घालतात, तीही त्याच्यासाठीच. गेल्या पौषात पंप भरून ठेवला होता, तेव्हा मी एक हिरवी अळी तळहातावर घेतली. आत कोणी आहे का, हे बाहेरून काही कळेना.

“ठेव ती झाडावर,” काका म्हणाले, “आठ दिवसांनी दिसेलच, उलटी लोंबतेय की कोष झालाय ते.”