द्रवरूप नत्रवायूची ने-आण

आपण श्वासावाटे जी हवा घेतों तींत शेकडा ७८ भाग नत्रवायु असतो. हाच वायु शून्याखालीं १९६ अंश सेंटिग्रेडपर्यंत निववला म्हणजे पाण्यासारखा पातळ व निर्मळ होतो. इ. स. १८८३ मध्यें क्राकौ येथें व्रोब्लेव्स्की व ओल्शेव्स्की या पोलिश शास्त्रज्ञांनीं तें साधलें. पुढें १८९२ च्या सुमारास जेम्स ड्यूअर यानें दुहेरी भिंतींचें, मधली हवा काढून घेतलेलें भांडें तयार केलें. घरोघरींची चहाची थर्मास बाटली हें त्याचेंच अपत्य.

पण द्रव भांड्यांत राहूं लागला म्हणून काम संपलें नाहीं. प्रयोगशाळेंतील खरी पंचाईत तो एका भांड्यांतून दुसऱ्यांत नेण्याची. तापलेल्या तव्यावर पाण्याचे थेंब नाचतात, तसा तो साध्या टेबलावर थयथयाट करितो. कारण त्याच्या मानानें आपली खोली म्हणजे भट्टीच होय.

मोठ्या टाकींतून द्रव काढण्यास पंप लागत नाहीं. टाकीच्या भिंतीलगत नळीचें एक वेटोळें असतें. त्यांत थोडा द्रव सोडला कीं बाहेरील उबेनें त्याचा वायु होतो, तो वर जाऊन द्रवाच्या पृष्ठावर दाब देतो आणि द्रव नळीवाटे बाहेर पडतो. नळी मात्र आरंभीं ऊन असते. पहिला द्रव तिला निववण्यांतच खर्च होतो आणि टोकांतून नुसता फुसफुसणारा वायु येत राहतो. म्हणून नळी आंखूड हवी, आणि शक्य तर ड्यूअरच्या भांड्यासारखीच दुहेरी व निर्वात वेष्टनाची. उघड्या तांब्याच्या नळीवर हिंव सांचतें, इतकेंच नव्हे, तर हवेंतील प्राणवायु शून्याखालीं १८३ अंशांवरच द्रवरूप होत असल्यामुळें प्राणवायूनें संपन्न अशी पातळ हवा तिच्यावरून ठिबकूं लागते. खालीं तेलकट चिंधी पडली असेल तर तें आगीला आमंत्रणच!

रात्रभर चालणाऱ्या प्रयोगांत भांडें भरीत बसण्यास माणूस कोठून आणावा? तेथें विजेवर चालणारी झडप बसवितात. भांड्यांत दोन उंचींवर दोन तापमापक टांगलेले असतात. द्रव खालच्याच्याहि खालीं गेला कीं झडप उघडते, वरच्यास शिवला कीं मिटते. एकच तापमापक असता तर झडप क्षणोक्षणीं उघडझाप करीत बसली असती. वरच्यावर नुसता शिंतोडा उडाला तरी भांडें भरलें असा त्याचा ग्रह होतो, म्हणून त्यास आडोसा लागतो. झडप वीज गेली असतां आपोआप मिटणारी असावी. ठराविक वेळांत भांडें भरलें नाहीं तर तिनें बंद व्हावें व घंटा वाजावी. नाहींतर एखादी तार तुटायची आणि सकाळपर्यंत टाकी जमिनीवर रिती व्हायची.

एक लिटर द्रवापासून सुमारें ७०० लिटर वायु होतो. सारा धोका या एका आंकड्यांत आहे. दोन मिटलेल्या झडपांमध्यें द्रव कोंडला तर नळी फुटल्यावांचून राहत नाहीं. म्हणून नळीच्या अशा प्रत्येक तुकड्यास सुटकेची झडप हवीच. २००६ च्या जानेवारींत अमेरिकेंतील टेक्सास संस्थानांत एका विद्यापीठाच्या रसायनशाळेंतील टाकी फुटली आणि बाणासारखी छत भेदून वर गेली. तिच्या सुटकेच्या वाटा काढून तेथें कोणीं तरी पितळी बुचें बसविलीं होतीं. रात्रीची वेळ होती, म्हणूनच कोणी दगावलें नाहीं.

दुसरा धोका आवाज करीत नाहीं. चार मीटर लांब, तीन मीटर रुंद व तितक्याच उंच अशा बंद खोलींत १० लिटर द्रव सांडला, तर प्राणवायूचें प्रमाण शेकडा २१ वरून सुमारें १७ वर येतें. गुदमरल्याची जाणीव आपणांस मुख्यतः शरीरांत सांचणाऱ्या कार्बन डायॉक्साइड वायूमुळें होते. येथें तर तो नेहमींप्रमाणें बाहेर पडतच असतो. त्यामुळें सांड मोठी असेल तर धाप न लागतांच माणसाची शुद्ध हरपते. याच कारणास्तव द्रवाचें भांडें लिफ्टमधून नेतांना त्याच्याबरोबर कोणीं आंत उभें राहूं नये. एकानें खालून भांडें एकटेंच वर पाठवावें, दुसऱ्यानें तें वर उतरवून घ्यावें, आणि मधल्या मजल्यावर कोणी आंत शिरूं नये म्हणून भांड्यावर ठळक अक्षरांत पाटी लावावी.